अमळनेर ते जर्मनी: आठ परदेशी व्यंगचित्रं रीतसर छापली त्याची गोष्ट

अमळनेरला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल ही रोजची कामं, आणि वर्षातून एकदा आमचा दिवाळी अंक. प्रती दोन हजार, किंमत २५० रुपये. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सुरू केला आणि गेली सहा वर्षं मजकुराची बाजू मी बघते. हे लिहिते आहे डिसेंबर २०२४ मध्ये, कारण यंदाच्या अंकात आम्ही आठ परदेशी व्यंगचित्रकारांची चित्रं परवानगी घेऊन, पैसे मोजून आणि कर भरून छापली. हे कसं करायचं असतं ते सांगणारं मला कोणी भेटलं नव्हतं. पुढच्या वर्षी कोणा छोट्या अंकाला करायचं असेल तर त्याला निदान वाट माहीत असावी.

सुरुवात चुकीतून झाली. २०२३ च्या अंकात आम्ही पाणीटंचाईवरचं एक चित्र पूर्ण पान छापलं. कोरड्या नळाखाली हंडा धरलेली बाई, आणि नळातून पाण्याऐवजी भाषणाचे कागद गळतायत. चित्र व्हॉट्सॲपवरून आलेलं. कोपऱ्यात सही नव्हती, म्हणून मी खाली ‘संकलित’ असं टाकलं. १९ जानेवारी २०२४ ला एक मेल आला. पाठवणारे दक्षिण अमेरिकेतले व्यंगचित्रकार. आमच्या पानाचा कोणीतरी फेसबुकवर टाकलेला फोटो आणि शेजारी त्यांचं मूळ चित्र. मूळ चित्रात उजव्या कोपऱ्यात सही होती. आमच्यापर्यंत येईतो कोणीतरी तेवढी पट्टी कापली होती. धमकी नाही, पैशांची मागणी नाही. तुमच्या भाषेत चित्र छापलं याचा आनंद आहे, पण माझं नाव कुठे गेलं, एवढंच विचारलं होतं.

तो मेल मी आप्पांना मराठीत वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बेटा, आपण उभ्या जन्मात कोणाची कविता नावाशिवाय छापली नाही. मग चित्र कसं छापलं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. हक्क विकून टाकले तरी चित्र आपलं म्हणून सांगण्याचा कलावंताचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. परदेशी कलावंतालाही बर्न करारामुळे इथे संरक्षण मिळतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त माफीचा मेल लिहिला आणि पुढच्या अंकात नावासह दिलगिरी छापू असं कळवलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. माफी स्वीकारली होती, आणि शेवटी एक ओळ होती की असं चित्र हवं असेल तर सिंडिकेटकडे मागा, आम्ही बरेच जण त्यासाठीच तिथे असतो.

सिंडिकेट म्हणजे काय हे तेव्हा मला अर्धवटच माहीत होतं. व्यंगचित्रकार चित्र काढतो, सिंडिकेट ते अनेक वृत्तपत्रांना वापरायला देते, आणि आलेले पैसे दोघांत वाटले जातात. चित्राचे हक्क विकले जात नाहीत, वापराची परवानगी विकली जाते. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतली किंग फीचर्स सिंडिकेट १९१५ पासून कॉमिक्स आणि व्यंगचित्रं पुरवते आहे. डॅरिल केगल यांची सिंडिकेट राजकीय चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. नेदरलँड्समध्ये कार्टून मूव्हमेंट आहे, आणि फ्रेंच व्यंगचित्रकार प्लांटू व संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या पुढाकारातून २००६ मध्ये उभी राहिलेली ‘कार्टूनिंग फॉर पीस’ व्यंगचित्रकारांच्या पाठीशी उभी राहते. कोणाकडे वर्षाची वर्गणी असते, कोणी एकेका चित्राचे पैसे घेतं. रोजच्या वृत्तपत्राला वर्गणी परवडते. वर्षातून एकदा निघणाऱ्या अंकाला एकेक चित्रच घ्यावं लागतं, त्यामुळे ‘एका वेळच्या वापराचा परवाना’ असं स्पष्ट लिहून मागा.

फेब्रुवारीत अमळनेरलाच ९७ वं साहित्य संमेलन झालं. २ ते ४ फेब्रुवारी असे तीन दिवस गावात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकांच्या दालनात मी दिसेल त्या प्रकाशकाला विचारत होते, परदेशी चित्र कसं घेता? बहुतेकांचं उत्तर एकच, “गुगलवरून घ्यायचं, खाली सौजन्य लिहायचं.” ‘सौजन्य’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही, हे आता मी हात जोडून सांगते. एका वयस्क संपादकांनी मात्र कामाचं सांगितलं. म्हणाले, चित्र मिळणं सोपं आहे, पैसे बाहेर पाठवणं अवघड आहे, त्यामुळे दिवाळी गाठायची तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरुवात करा.

मी अक्षरशः तेच केलं. १० मे, आखाजीच्या दिवशी, घरात सांजोऱ्या तळल्या जात असताना चार ठिकाणी मेल पाठवले. बाहेर ऊन असं की दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीत बसवत नव्हतं, त्यात तीन दिवसांवर लोकसभेचं मतदान. चारपैकी एकाचं उत्तर आलंच नाही. एका ठिकाणाहून ठरावीक मजकुराची पोच आली. एकांना फक्त वार्षिक वर्गणीदार हवे होते. चौथी जर्मनीतली छोटी सिंडिकेट. तिथल्या बाईंचं १६ मे ला सविस्तर उत्तर आलं.

पहिल्या मेलमध्ये काय लिहिलं ते सांगते, कारण पुढचा भाव त्यावर ठरला. अंकाची भाषा, प्रतींची संख्या, किंमत, चित्र किती मोठं छापणार, कोणत्या फर्म्यात (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात), रंगीत की एकरंगी, कुठे विकणार, हे सगळं खरं खरं. त्यांच्या दरपत्रकात अर्ध्या पानाला ७५ युरो होते. मी लिहिलं की आमच्या अंकाला जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांबाहेर फारसे वाचक नाहीत, हे घ्या छपाईचं बिल आणि ह्या गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या प्रती. २४ मे ला त्यांनी ४० युरोवर आणलं. आठ चित्रांचे ३२० युरो. त्यातले निम्मे कलावंताला जातात, हेही त्यांनी विचारल्यावर सांगितलं. आकडे लपवून घासाघीस केली असती तर एवढं जमलं नसतं असं मला वाटतं.

आठांमध्ये पाणीटंचाईवाले कलावंत होते. त्यांची चित्रं हीच सिंडिकेट बघते हे कळल्यावर मी पहिलं नाव त्यांचंच दिलं.

करार दोन पानांचा. त्यात काय काय हवं ते जपून बघा. आमच्यात होतं: एकच अंक, फक्त छापील, मराठी, भारत, प्रती २,५०० पर्यंत, इतरांनाही तेच चित्र देण्याची सिंडिकेटला मुभा. चित्र कापायचं नाही, रंग बदलायचे नाहीत, सही दिसलीच पाहिजे. मजकुराचं भाषांतर आधी दाखवून मगच छापायचं. आपल्या कायद्याप्रमाणे परवाना लेखी लागतो; नुसत्या मेलवर थांबू नका, सहीचा कागद करून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. आम्हाला हे सोयीचंच होतं, तरी दोन्ही लिहून घेतलं. वाद झाला तर दोन्ही बाजूंना एकच कागद समोर असलेला बरा.

मग आमचे सीए म्हणाले, “ताई, आता खरं काम सुरू.”

परदेशी माणसाला रॉयल्टी दिली की तेव्हाच्या, १९६१ च्या, आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागायचा (इथून पुढची करांची कलमं, फॉर्म, दर आणि फी २०२४ ची आहेत). रक्कम किती लहान आहे ते बघितलं जात नाही. आपल्या कायद्याचा दर २० टक्के, वर उपकर. जर्मनीशी असलेल्या करारामुळे तो १० टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी तिकडून कागद लागतात: तिथल्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला, आपल्या आयकर पोर्टलवर त्यांनी स्वतः भरलेला फॉर्म १०एफ, आणि भारतात आमचं कायम कार्यालय नाही व ही रक्कम आमच्याच हक्काची आहे असं पत्र. देशागणिक दर बदलतो. अमेरिकेसाठी तो १५ टक्के आहे. म्हणून कोणत्या देशातल्या संस्थेशी व्यवहार आहे ते आधी बघा.

३ जूनला मी हे सगळं बाईंना लिहिलं आणि दोन दिवस धास्तावून होते. आठ चित्रांसाठी कोण एवढे कागद करेल? त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की आम्हाला ३२० पूर्ण हवेत, कर तुमचा तुम्ही भरा. तसंही करता येतं, पण मग करावर कर चढतो आणि आपला खर्च वाढतो. मी त्यांना कळवलं की कापलेल्या कराचा फॉर्म १६ए तुम्हाला देईन, तो दाखवून तुमच्याकडच्या करात वजावट मागता येईल. त्यांनी त्यांच्या करसल्लागाराला विचारलं आणि मान्य केलं. हा मुद्दा भाव ठरवतानाच काढायला हवा होता. मी उशीर केला, त्यामुळे त्यांना उगाच फसवल्यासारखं वाटलं असेल. तुम्ही तरी पहिल्या आठवड्यातच सांगा.

आमच्याकडे टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला लागणारा नंबर, नव्हता. फॉर्म ४९बी भरला, ७७ रुपये फी, १८ जूनला नंबर आला. रहिवासी दाखल्याला मात्र जवळजवळ आठ आठवडे गेले. या काळात करण्यासारखं काही नसतं. मी दर सोमवारी एक नम्र मेल टाकत होते. २९ जुलैला दाखल्याची प्रत आली. फॉर्म १०एफ साठी पॅन नसलेल्या परदेशी व्यक्तीला पोर्टलवर वेगळी नोंदणी करता येते. बाईंनी ती दोनदा अर्ध्यात सोडली. शेवटी ९ ऑगस्टला व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी समोरासमोर बसलो, त्यांच्या स्क्रीनवर आपलं पोर्टल, आणि मी एकेक रकाना वाचून सांगत होते. मधेच आमच्याकडे लाईट गेली. मोबाईलवरून परत जोडलं. फॉर्म दाखल झाल्याची पोच दिसली तेव्हा त्या तिकडे आणि मी इकडे, दोघींनी टाळ्या वाजवल्या.

कागदांची वाट बघता बघता चित्रं निवडली. आणि खरं सांगते, या सगळ्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे.

सिंडिकेटने कमी आकाराची शंभरेक चित्रं बघायला दिली होती. मला पहिल्या नजरेत आवडलेलं एक चित्र होतं: संसदेसारखं सभागृह, सगळे सभासद गंभीर चर्चेत, आणि मधोमध एक प्रचंड हत्ती, ज्याच्याकडे कोणीच बघत नाही. इंग्रजीत हा वाक्प्रचार आहे, डोळ्यांसमोर असलेल्या मोठ्या अडचणीबद्दल कोणी बोलत नाही असा. मी चित्राची प्रिंट काढून भिंतीवर लावली. आमचे मशीनवरचे मामा चहा पिता पिता बघत होते. म्हणाले, “हाऊ हत्ती कोनता पक्षना शे, ताई?” मी गप्प झाले. आपल्याकडे हत्ती म्हणजे बहुजन समाज पक्षाचं चिन्ह. अमेरिकेत तो रिपब्लिकन पक्षाचा. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना आमच्या वाचकाने त्या चित्राचा भलताच अर्थ लावला असता, आणि दोष वाचकाचा नसता. चित्र काढून टाकलं. त्यानंतर प्रत्येक चित्र मामांना दाखवायचं असा नियमच केला. त्यांना शब्दांशिवाय कळलं तर घ्यायचं. शि. द. फडणीसांची शब्दाविना चित्रं आपण इतकी वर्षं बघत आलो, तरी शब्दाविना चित्र किती लांबचा प्रवास करतं हे मला यंदा समजलं. आठपैकी सहा चित्रं बिनशब्दांची निघाली.

दुसरी अडचण नकाशाची. उष्णतेवरचं एक सुंदर चित्र होतं, पृथ्वीच्या कपाळावर ओली घडी आणि तोंडात तापमापी. आप्पा चष्मा कपाळावर चढवून भिंगातून बघत होते. “इकडे ये,” म्हणाले. पृथ्वीच्या त्या गोळ्यावर भारत नखाएवढा होता आणि त्याची उत्तरेकडची हद्द वरून कापलेली होती. भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नसेल तर तो छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. कलावंताच्या मनात काहीच नसतं, तो हाताला येईल तशी रेघ मारतो, पण छापणारे आपण. मी सिंडिकेटमार्फत विचारलं. चित्र बदलायचं नाही हा करार असल्यामुळे आपण स्वतः फोटोशॉपमध्ये हात लावू शकत नाही. त्या चित्रकाराने चार दिवसांत पृथ्वी फिरवून दिली, समोर आफ्रिका आणि अटलांटिक आला. एक पैसा जास्त घेतला नाही.

निवडीची जबाबदारी आपलीच असते हे मी मनावर घेतलं त्याला २०१९ ची एक घटना कारण आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत सिंडिकेटकडून आलेलं एक चित्र छापलं गेलं, ते ज्यूद्वेषी आहे अशी टीका झाली, वृत्तपत्राला माफी मागावी लागली. आणि त्याच वर्षी १ जुलैपासून त्या आवृत्तीने रोजची राजकीय व्यंगचित्रंच बंद केली. तिथले व्यंगचित्रकार पॅट्रिक शापाट आणि हेंग किम सोंग यांचा त्या चित्राशी काही संबंध नव्हता, तरी त्यांची तिथली जागा गेली. एवढ्या मोठ्या वृत्तपत्रात एका संपादकाच्या नजरेतून चित्र सुटलं आणि त्याची किंमत दुसऱ्याच चित्रकारांनी मोजली. म्हणून आमच्याकडे प्रत्येक चित्र तीन जणांनी बघितलं: आप्पा, मामा आणि एक शिक्षिका. धर्म, जात, शरीराचं व्यंग, यातलं काही कोणाला टोचलं तर चित्र बाजूला. सत्तेवर कितीही कडक असलं तरी चालेल, दुबळ्यावर नको, हे आमचं ठरलं.

शब्द असलेली चित्रं दोनच. एकात आलिशान जहाजावरचा पुढारी भोंग्यातून खाली बुडत्या होडीतल्या माणसांना सांगतोय की आपण सगळे सोबतच आहोत. याला मराठीत ‘एकाच नावेतले प्रवासी’ अगदी चपखल बसलं. मी भाषांतर पाठवलं, सोबत त्याचा शब्दशः इंग्रजी अर्थ पाठवला, त्यांनी मंजूर केलं. दुसऱ्याचा मी अहिराणीत तर्जुमा करून बघितला होता. वाचताना इतका गोड वाटला की मोह झाला, पण करारात मराठी लिहिलेलं. विचारल्यावर त्यांनी दोन्ही छापायची मुभा दिली. फुग्यातली जागा मात्र इंग्रजी अक्षरांच्या मापाची. वेलांट्या आणि उकार वर-खाली डोकावतात. आमचं डीटीपी अजून श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. तीन फॉन्ट बदलल्यावर मजकूर बसला. मजकूर चित्राच्या वेगळ्या थरात मिळेल का हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर जुनी अक्षरं पुसायला चित्रावर हात फिरवावा लागतो.

नावांचंही सांगते. परदेशी नाव देवनागरीत मनाने लिहू नका. मी आठही जणांकडून सिंडिकेटमार्फत नावाचा उच्चार आवाजात मागवला. एकाचं नाव मी ‘ज’ ने लिहिलं होतं, ते ‘झ’ निघालं. पाणीटंचाईवाल्या कलावंतांनी आपलं नाव तीन वेळा सावकाश म्हणून दाखवलं होतं. ते ऐकताना मला गेल्या वर्षीचं ‘संकलित’ आठवलं.

बँकेचं प्रकरण ऑगस्टच्या शेवटी. २१ तारखेला इनव्हॉइस आलं. रक्कम वर्षाला पाच लाखांच्या आत असेल तर परदेशी पैसे पाठवण्याची माहिती देणाऱ्या फॉर्म १५सीए चा फक्त भाग ए आयकर पोर्टलवर भरायचा होता, सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागत नव्हतं. २२ ला भरून बँकेत गेले. आमच्या शाखेतून परदेशी पैसे जात नाहीत, कागद मोठ्या शाखेकडे जातात. तिथून निरोप आला की १५सीबी हवंच. दुसऱ्या दिवशी हेच सांगणाऱ्या आयकर नियम ३७बीबी ची छापील प्रत आणि सीएंचं पत्र जोडून परत दिलं. मग कळलं, अर्जावर कोणीतरी कारणाचा कोड जाहिरातीचा टाकलाय. कॉपीराइट वापरण्याच्या परवान्यासाठी कोड एस ०९०२ आहे, तो स्वतः लिहून न्या. तीन फेऱ्या झाल्या. काउंटरवरच्या मुलीने असा अर्ज कधी बघितला नव्हता. तिने शांतपणे सगळं वाचून घेतलं, याबद्दल मी तिची आभारी आहे. पैसे बाहेर पाठवायच्या बँकेच्या ए२ फॉर्मवर परदेशी बँकेचं शुल्क कोण भरणार ते विचारतात. ‘पाठवणारा’ यावर खूण करा, नाहीतर समोरच्याच्या रकमेतून ते कापलं जातं आणि पुन्हा पत्रव्यवहार. २९ ऑगस्टला २८८ युरो गेले. ३ सप्टेंबरला पोचले, पूर्ण.

टीडीएसचे ३२ युरो रुपयांत मोजताना स्टेट बँकेचा खरेदी दर धरतात, आणि बँक आपल्याला युरो देते तो विक्री दराने. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून मी एक संध्याकाळ घाबरले होते. ते जुळायचे नसतातच. टीडीएस भरायची शेवटची तारीख ७ सप्टेंबर, तोच गणेश चतुर्थीचा दिवस. मी ५ लाच भरला.

आणि जीएसटी. परदेशातून घेतलेल्या सेवेवर कर आपणच भरायचा, रिव्हर्स चार्जने, १८ टक्के, तोही जुनी वजावट न वापरता, पोर्टलवरच्या रोख खात्यातून. नोंदणी नसेल तर यासाठी घ्यावी लागते, वीस लाखांची सूट इथे कामाला येत नाही. आमच्याकडे नंबर आधीपासून होता. छापील नियतकालिकावर जीएसटी नाही, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट जाहिरातींच्या हिश्शापुरतीच मिळते. उरलेला खर्च म्हणून धरावा.

सगळा हिशेब: बँकेतून गेले २७,३६०, टीडीएस २,९२८, जीएसटी ५,३५० च्या आसपास, बँकेचं देशी-परदेशी शुल्क १,८००, सीएंची फी ३,५००, टॅनचे ७७. म्हणजे एकूण ४१,००० च्या घरात, चित्रामागे पाच हजार. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही. दोन पानं जाहिरात वाढवून आणि मुखपृष्ठाचं लॅमिनेशन काढून ती बसवली. पुढच्या वेळी टॅन लागणार नाही आणि सीएंचं कामही कमी होईल.

पूर्ण आकाराच्या फाइल ४ सप्टेंबरला आल्या. आतले फर्मे आमचे एकरंगी असतात. एका चित्रात पुढाऱ्यापुढचा लाल गालिचा म्हणजे मागून ओढत आणलेली रक्ताची रेघ होती, एकरंगीत ती नुसती राखाडी झाली असती. म्हणून सोळा पानांचा एक फर्मा रंगीत केला आणि आठही चित्रं त्यात घेतली. सही कडेच्या अगदी जवळ असते, कटिंगमध्ये जाऊ शकते. मामांनी पहिला कागद काढला, पाणीटंचाईवाल्यांच्या नव्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठ्याएवढी जागा मोजली आणि म्हणाले, “रुंदी तीन सूत सोडली, आता सही कुठं जात नाही.” समोरच्या पानावर चौकटीत गेल्या वर्षीची दिलगिरी होती, त्यांच्या नावासह.

अंक १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला निघाला. तीन दिवसांनी निवडणूक जाहीर झाली आणि हत्ती नसल्याचं समाधान वाटलं. टीडीएसचं २७क्यू हे तिमाही विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं, ती यंदा नरकचतुर्दशी होती, त्यामुळे २८ लाच उरकलं. पॅन नसलेल्या परदेशी संस्थेचा पत्ता, ईमेल, फोन आणि तिकडचा कर क्रमांक त्यात भरावा लागतो, तो आधीच मागून ठेवा. १६ए नोव्हेंबरच्या मध्यात निघाला आणि त्याच दिवशी जर्मनीला गेला. मानार्थ प्रती पोस्टाने गेल्यात.

दिवाळी झाल्यापासून पुण्या-मुंबईहून, काही दुबईहून, अंकाची पीडीएफ मागणारे फोन येतायत. बहुतेक इथूनच गेलेली मुलं. परवाना छापील अंकाचा आहे, म्हणून आम्ही ती आठ चित्रं वगळून पीडीएफ केली आणि प्रत्येक जागी चित्रकाराचं नाव व ‘हे चित्र फक्त छापील अंकात’ एवढं लिहिलं. एक-दोघे नाराज झाले. डिजिटल वापराचा वेगळा दर काय पडेल ते विचारणारा मेल मी परवा जर्मनीला पाठवलाय. यंदा आखाजीची वाट बघितली नाही.